झिजलेल्या टाइपरायटरचे अक्षर : कोठे शोभते, कोठे फसवते

भित्तिपत्रक असो, हस्तलिखिताचे मुखपृष्ठ असो की स्नेहसंमेलनाची निमंत्रणपत्रिका असो, संगणकावर फॉन्टची यादी उघडली की तुमच्यापैकी अनेकांची निवड एकाच प्रकारच्या अक्षरावर येऊन थांबते. कडा कुरतडल्यासारख्या, मधेच शाई उडालेली, एखादे अक्षर ओळीच्या थोडे वर चढलेले. जणू कोण्या जुन्या कचेरीतील टाइपरायटरवरच ते उमटले आहे. "एकदम जुना लूक येतो," असे तुम्ही म्हणता आणि ते खरेच आहे.

या पाठात आपण तीन गोष्टी पाहणार आहोत. हे अक्षर असे का दिसते? ते फॉन्टमध्ये कसे आणले जाते? आणि ते कोठे वापरावे, कोठे वापरू नये? यांतील तिसरा प्रश्न यंदा आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. शाळेच्या जुन्या कागदपत्रांचे प्रदर्शन मांडण्याचे काम नववीच्या मुलामुलींनी हाती घेतले आहे आणि फलकांसाठी हेच अक्षर वापरावे अशी सूचना पुढे आली आहे. त्यावरचे आमचे मत आम्ही शेवटी मांडले आहे. पालक आणि विश्वस्त मंडळींनीही ते वाचावे, ही विनंती.

१. यंत्राने घडवलेले अक्षर

शोल्स आणि ग्लिडन यांच्या नावाने ओळखला जाणारा टाइपरायटर अमेरिकेतील रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये बाजारात आणला. त्यावर इंग्रजीची फक्त मोठी अक्षरे उमटत. मोठी आणि लहान अशी दोन्ही अक्षरे काढता येतील अशी शिफ्टची कळ १८७८ च्या 'रेमिंग्टन क्रमांक २' या यंत्रात आली.

पुढे सर्वत्र रुळलेल्या टाइपरायटरची रचना समजायला सोपी आहे. कळ दाबली की तिला जोडलेली दांडी उसळते. दांडीच्या टोकावरचे उठावाचे अक्षर शाईच्या फितीवर आपटते आणि फितीमागच्या कागदावर ठसा उमटतो. प्रत्येक ठोक्यानंतर कागद धरणारी गाडी एक घर पुढे सरकते. हे घर सर्व अक्षरांसाठी सारखेच असते. 'पायका' मापाच्या यंत्रात एका इंचात १० अक्षरे बसतात, तर 'एलिट' मापाच्या यंत्रात १२.

या एका नियमामुळे अक्षरांचा चेहरामोहरा ठरला. इंग्रजीतील लहान 'आय' मुळात बारीक काडी आणि 'एम' मुळात ऐसपैस. दोघांना सारखेच घर मिळाल्यावर 'एम'ला अंग चोरावे लागले आणि 'आय'च्या दोन्ही बाजूंना रिकामी जागा उरली. ही जागा भरण्यासाठी 'आय'ला रुंद पाय दिले गेले. अक्षराच्या रेषेच्या टोकाला असणाऱ्या अशा आडव्या पट्टीला सेरिफ म्हणतात. छापील पुस्तकात सेरिफ नाजूक असते. टाइपरायटरवर ती जाड आणि ठोकळ्यासारखी असते. रेषांच्या जाडीतही फारसा फरक ठेवलेला नसतो, कारण कापडी फितीतून फार बारीक रेष नीट उमटत नाही.

या घराण्यातील सर्वांत प्रसिद्ध अक्षर म्हणजे 'कूरियर'. हॉवर्ड केटलर यांनी ते आयबीएमच्या टाइपरायटरसाठी १९५० च्या दशकाच्या मध्यात तयार केले. इंग्रजी चित्रपटांच्या पटकथा आजही प्रायः १२ पॉइंट कूरियरमध्ये लिहिल्या जातात. सर्व अक्षरांना सारखी जागा मिळत असल्याने मजकुराची लांबी अंदाजता येते; एक पान म्हणजे पडद्यावरचे सुमारे एक मिनिट, असा तेथे ढोबळ हिशेब असतो.

आपल्या देशात गोदरेज अँड बॉइस कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला. २००९ मध्ये तिने हे उत्पादन बंद केले. म्हणजे या अंकाच्या आजच्या विद्यार्थी वाचकांपैकी बहुतेकांचा जन्म त्यानंतरचा. तुम्हाला हे अक्षर ठाऊक आहे ते फॉन्ट म्हणून. तुमच्या आजी-आजोबांना ते ठाऊक आहे ते आवाजासकट.

२. झीज येते कोठून?

नवे, स्वच्छ, नीट जुळवलेले यंत्र अगदी रेखीव अक्षर काढते. मग जुन्या कागदावर ते वेडेवाकडे का दिसते? त्याची कारणे वेगवेगळी आहेत आणि प्रत्येक कारणाची खूण वेगळी आहे.

फीत वाळली की ठसा फिका पडतो आणि फितीच्या कापडाची वीण अक्षरात दिसू लागते. फीत नवी आणि ओली असेल तर शाई पसरून कडा फुगतात.

अक्षराच्या खाचांत शाई आणि फितीचे तंतू साचले की 'ई', 'ए', 'ओ' अशा अक्षरांची पोटे बुजतात आणि तेथे काळा ठिपका येतो.

दांडी किंचित वाकली की ते एक अक्षर दर वेळी ओळीच्या वर, खाली किंवा तिरपे उमटते. शिफ्ट पुरती दाबली गेली नाही तर मोठे अक्षर ओळ सोडते.

बोटाचा जोर कमीजास्त झाला की एक अक्षर गडद, दुसरे फिके होते. करंगळीने दाबायची अक्षरे शिकाऊ हाताकडून बहुधा फिकी येतात.

कार्बनच्या प्रतींमध्ये खालच्या प्रतीकडे जावे तसा ठसा धूसर होत जातो.

यातील काही खुणा यंत्राच्या आहेत, काही हाताच्या, काही कागदाच्या. म्हणूनच दोन यंत्रांचे ठसे तंतोतंत सारखे नसतात. आर्थर कॉनन डॉयल यांच्या १८९१ मधील 'अ केस ऑफ आयडेंटिटी' या कथेत शेरलॉक होम्स नेमका हाच धागा पकडतो. धूसर उमटणारा 'ई' आणि शेपटीत दोष असलेला 'आर' पाहून पत्रे कोणत्या यंत्रावर टंकली गेली हे तो ओळखतो. पुढे कागदपत्रांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांनी हीच पद्धत न्यायालयांतही वापरली.

ही गोष्ट लक्षात ठेवा. खऱ्या कागदावरची झीज ही माहिती असते. ती कोणत्या यंत्रावर, कशा फितीने, कशा हाताने काम झाले ते सांगते.

३. मुद्दाम आणलेली झीज

टाइपरायटरची आठवण देणारे सगळे फॉन्ट झिजलेले नसतात. जोएल केडन आणि टोनी स्टॅन यांचा १९७४ मधील 'अमेरिकन टाइपरायटर' हा फॉन्ट स्वच्छ आहे. त्यात प्रत्येक अक्षराला त्याच्या गरजेइतकी जागा दिली आहे, म्हणजे तो यंत्राचा नियम पाळत नाही, फक्त वळण घेतो. 'आय लव्ह न्यूयॉर्क' हे लाल बदामाचे बोधचिन्ह तुम्ही बनियनवर पाहिले असेल. मिल्टन ग्लेझर यांनी केलेल्या त्या चिन्हातील अक्षरे याच फॉन्टची आहेत.

झीज हेच ज्याचे वैशिष्ट्य अशा फॉन्टचे गाजलेले उदाहरण म्हणजे 'ट्रिक्सी'. डच अक्षररचनाकार एरिक व्हान ब्लॉकलंड यांनी एका खऱ्या टाइपरायटरचे ठसे घेऊन, त्यांतील डाग आणि फुगलेल्या कडा न पुसता, १९९१ मध्ये तो तयार केला. १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'द एक्स-फाइल्स' या दूरचित्रवाणी मालिकेच्या नावात तो वापरला गेला आणि घरोघर पोचला. गुप्त फाइल, तपास, दडवलेले सत्य या कल्पनांशी झिजलेल्या अक्षराचे नाते लोकांच्या मनात पक्के होण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

पण फॉन्टमध्ये एक अडचण असते. संगणकातील 'ई' एकच असतो. त्याच्या पोटात डाग असेल तर पानावरच्या प्रत्येक 'ई'च्या पोटात तोच डाग, त्याच जागी, त्याच आकाराचा येतो. खऱ्या यंत्रावर बुजलेले पोट दर वेळी बुजलेले येईल, हे खरे. पण फितीची वीण, शाईचा भर आणि बोटाचा जोर दर वेळी बदलतो. डोळ्याला हा फरक लगेच सांगता येत नाही, पण जाणवतो. २००८ मध्ये 'ट्रिक्सी'ची सुधारित आवृत्ती आली, तिच्यात प्रत्येक अक्षराची अनेक रूपे आहेत आणि ती आलटूनपालटून वापरली जातात. एखादा झिजलेला फॉन्ट चांगला की सुमार, हे ओळखण्याची सोपी कसोटी हीच. ज्यात एकच अक्षर लागोपाठ दोनदा येते असा शब्द टंकून पाहा. दोन्ही अक्षरांवरचे ओरखडे हुबेहूब असतील तर काम घाईचे आहे.

४. देवनागरीचे वेगळे गणित

इंग्रजीत झिजलेले टाइपरायटरी फॉन्ट ढिगाने मिळतात. देवनागरीत ते मोजके आहेत आणि जे आहेत त्यांत मन रमत नाही, असे का? याचे उत्तर देवनागरी टाइपरायटरच्या घडणीत आहे.

इंग्रजीची २६ अक्षरे कळांवर सहज बसतात. आपली व्यंजने, स्वर, काने, मात्रा, उकार, रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे तेवढ्याच कळांवर बसवणे हे मोठे कोडे होते. रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकाने ते असे सोडवले: ख, घ, ण, थ, ध, भ, श, ष, क्ष ही अक्षरे पूर्ण न देता अर्धी दिली. अर्धे अक्षर आणि त्यापुढे काना असे दोन ठोके मारले की पूर्ण अक्षर होई. ऱ्हस्व वेलांटी आपण उच्चारात व्यंजनानंतर म्हणतो, पण यंत्रावर ती आधी टंकावी लागे, कारण ती कागदावर डावीकडे येते. मात्रा, उकार, अनुस्वार यांच्या कळा दाबल्यावर गाडी पुढे सरकत नसे, म्हणजे चिन्ह अक्षराच्याच घरात वर किंवा खाली बसे.

आता यातून कागदावर काय दिसेल ते पाहा. दोन ठोक्यांनी बनलेल्या 'भ'चा काना कधी गडद, कधी फिका. शिरोरेषा अखंड नसून तुकड्यातुकड्यांची, जिना चढल्यासारखी. अनुस्वार अक्षराच्या डोक्यावरून थोडा सरकलेला. ही देवनागरीची खरी झीज. इंग्रजी फॉन्टसारखे नुसते ठिपके शिंपडून ती येत नाही. शिरोरेषा एकसंध ठेवून अक्षरांवर ओरखडे मारले तर ते जुने टंकलेखन वाटत नाही, भिंतीवरचा पोपडे उडालेला रंग वाटतो.

आपल्या इंदुरात आणखी एक गंमत पाहायला मिळते. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हिंदी वळणाहून वेगळे असतात. हिंदी यंत्रावर टंकलेला मराठी कागद या दोन अक्षरांवरून ओळखता येतो. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत कारभार करणाऱ्या संस्थांची ती एक छोटीशी सहीच आहे. घरातील जुनी पत्रे काढून हे ताडून पाहा.

५. कोठे वापरावे?

झिजलेले टाइपरायटरी अक्षर म्हणजे मसाला आहे, भात नव्हे. चार-सहा शब्दांच्या मथळ्यात ते छान खुलते. रहस्यकथेचे मुखपृष्ठ, तपासावर आधारलेल्या नाटुकलीचे भित्तिपत्रक, जुन्या काळावरील प्रकल्पाचे शीर्षक, छायाचित्राखालची दोन-तीन शब्दांची ओळ अशा जागी ते वापरावे. त्याच्या आजूबाजूला मोकळी जागा सोडावी आणि मुख्य मजकुरासाठी साधे, स्वच्छ अक्षर घ्यावे. एका पानावर असा एकच फॉन्ट पुरे.

सलग मजकुरात ते वापरू नये. याची कारणे तीन. पहिले, लहान मापात डाग हे डाग वाटत नाहीत, छपाईची चूक वाटतात. दुसरे, झेरॉक्स काढल्यावर आधीच तुटक्या रेषा आणखी तुटतात आणि ३ चा ८ वाटू शकतो. तिसरे, आपल्या वार्तापत्राचे अनेक वाचक सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांना वाचायला त्रास होईल असे अक्षर निवडणे हा अगत्याचा मार्ग नव्हे. परीक्षेचे वेळापत्रक, फीची सूचना, गुणपत्रक, दूरध्वनी क्रमांक, देणगीदारांची नावे आणि रकमा यांसाठी तर हे अक्षर कधीच घेऊ नये.

आकड्यांचे तक्ते करायचे असतील तर सारख्या घराचे पण स्वच्छ अक्षर, उदाहरणार्थ कूरियर, उपयोगी पडते. त्यात एकक, दशक, शतक एकाखाली एक आपोआप येतात.

६. अक्षर साक्ष देते तेव्हा

आता मुख्य मुद्दा. अक्षर फक्त दिसत नाही, ते काही सांगतही असते. झिजलेले टंकलेखन सांगते, "हा कागद जुना आहे, तो यंत्रावर तयार झाला आहे, त्यावर मागाहून कोणी हात फिरवलेला नाही." वाचक हे विधान नकळत मान्य करतो. म्हणून हे अक्षर वापरताना आपण त्या विश्वासाची उसनवारी करत असतो.

अमेरिकेत २००४ च्या सप्टेंबरमध्ये याचे मोठे उदाहरण घडले. तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या लष्करी सेवेसंबंधी १९७२-७३ मधील म्हणून काही कागद सीबीएस वाहिनीने दाखवले. थोड्याच वेळात लोकांनी अक्षरांकडे बोट दाखवले. त्या काळच्या कचेरीतील साध्या टाइपरायटरवर सर्व अक्षरांना सारखी जागा मिळते. या कागदांत ती कमीजास्त होती. इंग्रजी क्रमांकानंतरची दोन अक्षरे आपोआप लहान होऊन वर चढलेली होती. संगणकावरच्या 'मायक्रोसॉफ्ट वर्ड'मध्ये तोच मजकूर टंकला असता ओळी जवळजवळ तशाच तुटत होत्या. अखेर हे कागद अस्सल असल्याचे आपण सिद्ध करू शकत नाही, असे वाहिनीला जाहीर करावे लागले.

येथे संशय आला कारण अक्षर पुरेसे जुने नव्हते. पण उलट विचार करा. आज कोणीही झिजलेला फॉन्ट, चहाच्या पाण्याचा तपकिरी रंग आणि दुमडलेल्या घडीची छाया वापरून अर्ध्या तासात जुना कागद तयार करू शकतो. तज्ज्ञाला तो फसवणार नाही. साध्या माणसाला मात्र फसवील.

७. आपल्या प्रदर्शनाबद्दल

शाळेच्या स्थापनेचा ठराव, सुरुवातीच्या देणग्यांची यादी आणि पहिल्या मुख्याध्यापकांचा अहवाल झिजलेल्या टाइपरायटरच्या अक्षरात, तपकिरी कागदावर छापून लावावा, अशी सूचना आहे. मुलांचा उत्साह कौतुकाचा आहे. तरीही आम्ही या सूचनेच्या बाजूचे नाही.

आपले बरेच जुने ठराव शाईने, हाताने लिहिलेले आहेत. ते टंकलेखनाच्या अक्षरात दाखवले तर कधीच अस्तित्वात नव्हता असा कागद आपण तयार करू. आज सर्वांना खरे काय ते ठाऊक आहे. वीस वर्षांनी तो फलक कपाटातून निघेल, कोणी त्याचे छायाचित्र घेईल, ते एखाद्या स्मरणिकेत 'मूळ ठराव' म्हणून छापले जाईल. तेव्हा सांगायला आपण कोणी नसू. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपल्यासारख्या समाजाचा इतिहास फारसा ग्रंथांत नाही. तो इतिवृत्ताच्या वह्यांत, पावतीपुस्तकांत आणि प्रवेशाच्या रजिस्टरांत आहे. त्या कागदांची जागा देखण्या नकलेने घेतली तर नुकसान आपलेच आहे.

म्हणून आम्ही असे सुचवतो. मूळ कागदाचे स्वच्छ छायाचित्र लावावे, त्यातील डाग आणि खाडाखोड जशीच्या तशी ठेवावी. शेजारी तोच मजकूर साध्या, वाचता येईल अशा फॉन्टमध्ये द्यावा आणि खाली 'मूळ कागदावरून नव्याने टंकलेला मजकूर' असे लिहून वर्ष घालावे. झिजलेले अक्षर दालनाच्या नावासाठी जरूर वापरावे. तेथे ते कोणाच्याही साक्षीची जागा घेत नाही. जे कागद खरोखर टंकलेले आहेत त्यांची छायाचित्रे तर आहेतच. त्यांना बनावट झिजेची गरज नाही.

स्वाध्याय

१. घरातील जुने टंकलेले पत्र, दाखला किंवा करारनामा मोठ्यांच्या परवानगीने पाहा. भिंग घेऊन त्यात झिजेच्या कोणत्या खुणा आढळतात ते नोंदवा. यंत्राच्या, हाताच्या आणि कागदाच्या खुणा वेगळ्या करा.

२. पट्टी लावून एका इंचात किती अक्षरे बसतात ते मोजा. यंत्र पायका की एलिट, ते ठरवा. हे इंग्रजी मजकुरावर करावे.

३. कागद देवनागरीत असल्यास ध, भ, श ही अक्षरे एका ठोक्याची वाटतात की दोन, ते पाहा. 'ल' आणि 'श' कोणत्या वळणाचे आहेत?

४. संगणकावरील एखाद्या झिजलेल्या फॉन्टमध्ये स्वतःचे नाव मोठ्या मापात टंका. एकच अक्षर दोनदा येत असेल तर दोन्ही ओरखड्यांची तुलना करा.

५. एकच भित्तिपत्रक दोन प्रकारे करा : एकात सर्व मजकूर झिजलेल्या अक्षरात, दुसऱ्यात फक्त मथळा. दोन्हींची झेरॉक्स काढून घरातील ज्येष्ठांना हातभर अंतरावरून वाचायला द्या. त्यांचे म्हणणे वहीत लिहा.

पालकांना एक विनंती. कोणाच्या माळ्यावर चालू स्थितीतील टाइपरायटर असेल, मग तो इंग्रजी असो की देवनागरी, तर तो एका दिवसासाठी शाळेला द्यावा. मुलांना स्वतःच्या हाताने एक ओळ टंकू द्यायची आहे. विश्वस्तांना विनंती अशी की, प्रदर्शनासाठी वह्या बाहेर काढल्या जातीलच, तेव्हा त्यांच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून घ्यावे. कागद एकदाच जुना होतो. त्याची नोंद वेळेवर करणे आपल्या हाती आहे.